पाणी गुडघाभर, भांडण गळ्यापर्यंत

या वेळचं वाचकाचं पत्र मोठं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून गोषवारा देते.

पत्र लिहिणारे कोल्हापूरचे, वय ४१, शिरोली एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप. सहा वर्षांपूर्वी त्यांना काइटबोर्डिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं बोर्डावरून पाण्यावर घसरत जाण्याचा, नाद लागला. दर फेब्रुवारीत पाच मित्र रामेश्वरमला जातात आणि आठ दिवस राहतात. तिथल्या एका उथळ, सपाट पाण्यात खेळतात. पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत, तळाला वाळू. पूर्वी तिथे आठ-दहा काइट असायच्या. यंदा एका दुपारी त्यांनी एकतीस मोजल्या, निम्म्याहून जास्त शिकाऊंच्या. "धड उभं राहता येत नाही, काइट कुठंही पाडतात, वाऱ्याबरोबर वाहत आमच्यात येतात आणि परत चालत जाताना आमचाच रस्ता अडवतात."

तिसऱ्या दिवशी धडक झाली. एक शिकाऊ बाई पाण्यात बसून पायात बोर्ड घालत होती. यांनी उडी घेतली आणि उतरताना यांची काइट तिच्या दोऱ्यांत गेली. मोठा गुंता झाला, यांची नवी काइट दोन वीत फाटली. रागाच्या भरात हे मराठीत ओरडले, "डोळे फुटले काय गं? जमत नाही तर घरी बसायचं!" पाण्यातून उत्तर आलं, "डोळे शाबूत हाईत, दादा. मी हितनं हललो बी नाही. तुम्हीच वरनं आला." ते 'हललो' कानावर पडलं आणि यांना कळलं की बाई कोल्हापूरची. राजारामपुरीची निघाली.

मित्रांचं ठरलंय की पुढच्या वर्षी तिथल्या शिकवणाऱ्यांना सांगायचं, शिकाऊंनी सकाळी अकरापर्यंत आटपावं, नंतरचं पाणी जाणकारांचं. हे रास्त आहे का, काइटच्या दुरुस्तीचा खर्च कुणी सोसायचा आणि त्या बाईला गाठून काही बोलावं का, असं ते विचारतात. "गाव लहान आहे. कुठंतरी समोर येणारच."

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "उडी घेतली तेव्हा मी तिच्यापासून चांगला पंचवीस फूट लांब होतो." पंचवीस फूट म्हणजे साडेसात मीटर. आणि तुमच्या हातातल्या बारपासून काइटपर्यंतच्या दोऱ्या? त्या बहुतेकांच्या २० ते २४ मीटर असतात. म्हणजे तुम्ही साडेसात मीटरवर होतात खरे, पण तुमची काइट तिच्या डोक्यावरून पलीकडे पोचलेली होती. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चौकात वळतो. मागच्या ट्रॉलीनं कुणाची मोटरसायकल ओढली आणि ड्रायव्हर म्हणाला, "माझं इंजिन तर केव्हाच पुढं गेलं होतं," तर तुम्ही ते ऐकून घ्याल का?

सहा वर्षं खेळणाऱ्याला स्वतःच्या दोऱ्यांची लांबी माहीत नसते असं मी म्हणत नाही. पण सवय झाली की दोऱ्या दिसेनाशा होतात. चष्मा लावणाऱ्याला चष्मा दिसत नाही, तसं.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कमरेला हार्नेस म्हणजे रुंद पट्टा, हातात बार म्हणजे आडवी दांडी, बारला चार-पाच दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला साधारण सात ते बारा चौरस मीटरची काइट आणि पायांत बोर्ड. वारा काइटला ओढतो, काइट माणसाला, आणि माणूस पाण्यावरून घसरत जातो. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याची शर्यत पहिल्यांदा झाली, ती मार्सेलच्या समुद्रात. आपल्याकडे रामेश्वरम आणि गोव्यातलं मोरजी या त्यासाठी माहितीतल्या जागा. उथळ पाणी सगळ्यांनाच हवं असतं, कारण पडलं की उभं राहता येतं.

मी आयुष्यभर पोरांना आणि पोरांच्या आयांना पोहायला शिकवलं. काइटच्या वाटेला गेले ती निवृत्तीनंतर, भाचीच्या हट्टापायी, गोव्यात चार दिवस. पहिला दिवस वाळूवर छोटी काइट उडवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाण्यात, पण बोर्डाशिवाय. काइटच्या ओढीनं नुसतं पोटावर घसटत जायचं. तिसऱ्या दिवशी बोर्ड मिळाला. त्या वेळी शिकाऊ माणसाला काय दिसतं ते सांगते, कारण तुम्ही ते विसरला आहात. हार्नेस सरकून काखेत आलेला असतो. नाकात खारं पाणी. मान वर, नजर काइटवर, कारण नजर काढली की ती पडते. एक पाय पट्ट्यात गेलेला, दुसरा पट्टा शोधतोय, तेवढ्यात लाट येऊन बोर्ड उलटा. लांबून शिकवणारा ओरडतोय, पण वाऱ्यात त्यातलं "आ... आ..." एवढंच कानापर्यंत येतं. डावीकडून कोण येतंय, उजवीकडून कोण येतंय? मला डावी-उजवी अशी काही चीज जगात आहे हेच त्या वेळी आठवत नव्हतं. एक पट्टीचा खेळाडू माझ्या अगदी शेजारून पाण्याचा फवारा उडवत गेला. त्याला गंमत वाटली असावी. मी दचकले, बार आवळला आणि काइट धाडकन पाण्यात.

तेव्हा "कुठंही पाडतात" ही तुमची तक्रार खरी आहे, पण ती तक्रार होऊ शकत नाही. फ्रान्समधल्या ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४मध्ये हवा भरून फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं. ती कल्पना चालली कशामुळे? फुगवलेली काइट पडली तरी बुडत नाही, पाण्यातूनच पुन्हा उचलता येते. पडणं गृहीत धरूनच हा खेळ उभा राहिलाय. शिकाऊ जरा जास्त वेळा पडतो, इतकंच.

आता हक्काचं. तुम्ही लिहिलंय, "माझा उजवा हात पुढे होता, वाट माझी होती." नियम बरोबर सांगितलात. समोरासमोर येणाऱ्या दोघांत ज्याचा उजवा हात पुढे त्याला वाट, दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. ओलांडून पुढे जाणाऱ्यानं अंतर ठेवायचं. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला परत येणाऱ्यानं आधी जाऊ द्यायचं. एकमेकांजवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला, असलेल्यानं काइट उंच धरायची, खालच्या अंगाला असलेल्यानं खाली. पण हे सगळे नियम दोघांनाही आपापली दिशा बदलता येते असं धरून केलेले आहेत. ती बाई कुठल्याच दिशेनं जात नव्हती. ती पाण्यात बसली होती. बसलेल्या माणसाचा कुठला हात पुढे असतो?

आणि उडीला वाटेचा हक्क लागूच होत नाही. उडी मारणाऱ्यानं आधी मोकळं पाणी बघायचं असतं. शिकवताना सांगतात तो हिशेब असा: वाऱ्याच्या खालच्या अंगाला ५० मीटर आणि वरच्या अंगाला ३० मीटर कुणी नको. कारण हवेत गेलेला माणूस वाऱ्याबरोबर खाली वाहतो आणि हवेत ब्रेक नसतो. आमच्या लहानपणी पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधलेली आम्ही पोरं खालच्या पायऱ्यांशी हातपाय मारायचो आणि मोठी पोरं वरनं मुटका मारायची. मारण्याआधी "ए, सरकाऽऽ" अशी हाळी द्यायची. पण नुसती हाळी देऊन उडी घेतलेली चालायची नाही. खालून कुणीतरी "हाण!" म्हणेपर्यंत थांबायचं. एकदा एकानं न थांबता मुटका मारला. त्याला दुसऱ्या दिवसापासून कुणी वरच्या पायरीवर चढू दिलं नाही. कुणी नोटीस लावली नव्हती.

गुडघाभर पाण्यात उडी मारण्याचा धोका तर तुम्हालाच जास्त. खाली वाळू आहे म्हणता, पण तीन-चार मीटरवरून आल्यावर वाळूही फरशीसारखी लागते. हे मी ओरडून सांगत नाही, फक्त नोंदवून ठेवते.

माझं लक्ष खरं अडकलं ते पत्राच्या शेवटच्या पानावरच्या ओळीपाशी. तुम्ही सहज लिहून गेलात: "पलीकडं खोल पाणी पुष्कळ आहे, रिकामंच असतं, पण तिथं पडलं तर पाय टेकत नाहीत, मजा येत नाही."

पाय टेकत नाहीत आणि मजा येत नाही. या दोन गोष्टी तुम्ही एका स्वल्पविरामानं जोडल्यात. मला वाटतं त्या दोन नाहीतच.

टँकवर दर उन्हाळी बॅचला हा प्रकार मी बघितलाय. पंचेचाळिशीचे गृहस्थ, रोज तीस-तीस फेऱ्या मारणारे, माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे. "बाई, ही पोरं मध्ये येतात. यांना दुसरी वेळ द्या." मी म्हणायची, पलीकडच्या खोल लेनमध्ये जा की, मोकळीच आहे. त्यावर उत्तर ठरलेलं: "नको, हितंच बरं." नीट बघितलं की दिसायचं, या माणसाच्या फेऱ्या जिथं तळ खाली जायला लागतो तिथूनच माघारी वळतात. पोहणं उत्तम. पण पाय कुठं टेकेल याचा हिशेब डोक्यात सतत चालू. पोरांवरचा राग खरा कशाचा होता? पोरांनी त्यांची एकुलती एक सुरक्षित जागा भरून टाकली होती. ज्यांनी घरच्या विहिरीत कंबरेला दोर बांधून पोहायला शिकलं, त्यांच्या वाट्याला हे येत नाही. विहिरीला उथळ बाजूच नसते.

म्हणून जरा खोचक प्रश्न विचारते. तुम्ही जाणकार आहात, मान्य. पण उथळ पाण्यातले जाणकार. बोर्ड सुटला, काइट पडली आणि खाली तळ नाही, अशा वेळी काय करायचं हे सहा वर्षांत किती वेळा करून बघितलंत? पत्रात एकदाही उल्लेख नाही. नसेल केलं तर लाज वाटायचं कारण नाही, तसे पुष्कळ असतात. पण मग तुमच्यात आणि त्या बाईत एका गोष्टीचा फरक उरत नाही. दोघांनाही ते पाणी एकाच कारणासाठी हवं आहे. तिला आत्ता दुसरीकडे जाता येणार नाही. तुम्हाला एका वर्षात जाता येईल.

जाण्याची तयारी कोल्हापुरातच सुरू करा, फेब्रुवारीची वाट बघू नका. टँकच्या खोल बाजूला भिंतीला हात न लावता दहा मिनिटं एका जागी तरंगा. कंटाळवाणं आहे, तरी करा. ते जमलं की एक हात डोक्यावर धरून दुसऱ्या हातानं पोहा, कारण बोर्डामागे जाताना एक हात बारवरच असतो. मग अंगात तुमचं पॅडिंगचं जाकीट घालून हेच सगळं. त्या जाकिटाबद्दल एक गैरसमज असतो. ते मार सोसण्यासाठी असतं; लाइफ जॅकेटसारखं तोंड पाण्यावर धरून ठेवण्याची हमी ते देत नाही. रामेश्वरमला पोचल्यावर पहिले दोन दिवस उड्या बंद. छातीएवढ्या पाण्यात बोर्ड सोडून द्या, वाऱ्यानं खाली वाहत जा आणि काइटच्या ओढीवर तिरके-तिरके वर येऊन तो परत मिळवा. नंतर शिकवणाऱ्याला सोबत घेऊन काइट पाडायची, तिची ताकद काढून टाकायची, दोऱ्या बारवर गुंडाळत तिच्यापर्यंत पोचायचं आणि तिलाच शिडासारखी धरून किनाऱ्याला लागायचं. हे डोळे मिटून जमायला लागलं की खोल पाण्याकडे वळा. तेही वारा किनाऱ्याकडे किंवा किनाऱ्याला तिरका येत असेल तरच, दोघांनी मिळून, आणि हाकेच्या अंतरावर बोट असेल तेव्हा. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशी चहा प्या.

पाचांपैकी दोघं जरी खोल पाण्याकडे सरकलात, तरी तुमच्या एकतीसच्या एकोणतीस होतील. तेवढ्यानं जत्रा संपणार नाही हे मलाही कळतं. म्हणून अकरा वाजताच्या तोडग्याकडे येते.

तो चालणार नाही. टँकला बॅचच्या वेळा चालतात, कारण टँकमधलं पाणी सकाळी सहालाही तेवढंच आणि संध्याकाळी सहालाही तेवढंच. फेब्रुवारीत रामेश्वरमला ईशान्येचा वारा असतो आणि तो कुणाच्या घड्याळावर चालत नाही. अकरापर्यंत वाराच आला नाही तर शिकाऊंनी त्यांचे पैसे भरून काय बघायचं, तुमचं कौशल्य? शिवाय "जाणकारांचं पाणी" हा शब्द ऐकून तिथे जाळी टाकणाऱ्यांना काय वाटेल, याचाही विचार करा. ते तुमच्या आधी, शिकवणाऱ्यांच्याही आधी तिथे आहेत. आपण सगळेच तिथे पाहुणे.

वेळ वाटू नका, जागा वाटा. आणि ती वाऱ्याच्या दिशेनं वाटा, कारण या खेळातला सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. शिकाऊ माणसाला वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाता येत नाही. तो कितीही प्रयत्न करो, खालीच वाहत जातो. तुम्हाला वर जाता येतं. जाणकार म्हणजे तोच ना? मग शिकाऊ खालच्या अंगाला आणि तुम्ही वरच्या अंगाला. त्यांच्या खाली रिकामं पाणी हवं, म्हणजे वाहत गेले तरी कुणावर जाणार नाहीत. तुमच्या वर्णनावरून आत्ता नेमकं उलटं चाललंय. शाळा वाळूवर जिथे सामान मांडते ती जागा वरच्या टोकाला आहे, म्हणून शिकाऊ वर सुरू होतात आणि दिवसभर तुमच्यातून गाळले जातात. तो दोष शिकाऊंचा नाही, सामान मांडण्याच्या जागेचा आहे. तो बदलायला सांगणं हा तुमचा हक्क आहे आणि तुमच्या पत्रातली ही तक्रार मला शंभर टक्के पटते.

मध्ये किती अंतर? शिकाऊच्या वरच्या बाजूनं गेलात आणि पडलात, तर तुमची काइट त्याच्या डोक्यावर. खालच्या बाजूनं गेलात आणि तो पडला, तर त्याची काइट तुमच्या डोक्यावर. दोन्हीकडून दोरीची लांबी मोजावीच लागते. दोन दोऱ्यांएवढं, म्हणजे पन्नासेक मीटर, हे मला किमान वाटतं. तेवढं पाणीच शिल्लक नसेल तर पाण्यात माणसं जास्त झालीत. तेव्हा तुमच्यातल्या दोघांनी अर्धा तास वाळूवर बसायचं, मग अदलाबदल. तालमीत हौद एकच असतो. नऊ वर्षांचं पोर आणि शंभर किलोचा गडी त्याच मातीत जोर करतात. कुणी कुठल्या कोपऱ्यात आणि कुणी आधी कुणी नंतर, ते वस्ताद बघतो. गडी पोराबरोबर जोर करायला उतरला तर अंगाचं ओझं टाकत नाही. इतकं साधं कोल्हापूरच्या माणसाला मी काय सांगायचं.

हे शिकवणाऱ्यांशी बोलायचं, ते पोचल्या दिवशी संध्याकाळी, काइट घडी झाल्यावर. धडक झाल्यावर, ओल्या अंगानं आणि पाच जणांनी मिळून नाही. एकानं जावं. आधी आपली बाजू द्यावी: आम्ही पाच जण शिकाऊंच्या आसपास उड्या मारणार नाही, फवारे उडवणार नाही. मग मागावं. सामान खालच्या टोकाला मांडा. दोन शिकाऊंमागे एक काइट ठेवा. एक खेळतो तेव्हा दुसरा बघून शिकतो आणि आकाशातल्या काइट निम्म्या होतात, पुष्कळ ठिकाणी असंच शिकवतात. शिकाऊंना एकाच रंगाचं हेल्मेट द्या. हद्दीवर पाण्यात एक बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधा. कमरेएवढ्या पाण्यात बांबू रोवायला दहा मिनिटं लागतात. किनाऱ्यालगतची पट्टी चालत परत येणाऱ्यांसाठी मोकळी सोडा. बोर्ड काखेत, काइट डोक्यावर, तोंड पडलेलं, अशी ती परतीची चाल मी केलीय. त्या माणसाला आणखी कुणी शिट्टी मारायची गरज नसते.

तुमच्याकडून आणखी एक, फुकटातलं. शिकाऊचा बोर्ड सुटतो तेव्हा तो स्वतः काइटबरोबर खाली जातो आणि बोर्ड वर राहतो. तुम्ही जाता जाता तो उचलून त्याच्यापर्यंत नेऊन द्या. आणि कुणी डोक्यावर थापट्या मारत किनाऱ्याकडे बघत असेल तर त्याला काइट उतरवायला मदत हवी आहे, जाऊन धरा. दोन दिवस हे केलंत तर तिसऱ्या दिवशी शिकाऊ तुम्हाला बघून आपणहून बाजूला होतील.

तुमच्यासारखंच शिकाऊही हे सदर वाचतात, तर त्यांच्यासाठीही. क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडवायची कळ, रोज वाळूवर डोळे मिटून दहा वेळा ओढा, हात आपोआप तिकडे जाईपर्यंत. दोऱ्यांचा गुंता झाला तर लगेच सोडून द्या, काइटचा मोह नको. ताणलेल्या दोरीला हातानं कधीच धरू नका, बोट कापून जातं. तुम्ही काइट पूर्ण सोडली तर खालच्या अंगाला असलेल्यांना ओरडून सांगा, कारण मोकळी काइट दोऱ्यांसकट त्यांच्याकडेच जाते. बोर्डाला दोरी बांधून स्वतःला अडकवू नका; ताणला गेलेला बोर्ड उसळून डोक्यातच येतो. बोर्ड पायात घालण्याआधी एकदा वर आणि एकदा खाली बघा. मला हे जमायला पूर्ण दिवस लागला, तुम्हाला कमी लागेल. कोर्स संपला म्हणजे तुम्ही खेळाडू झालात असं नाही. पहिले काही दिवस भाड्याची काइट घेऊन गर्दीच्या मधोमध उतरण्यापेक्षा टोकाला उतरा. "मी शिकतेय" हे शेजारच्याला आधीच सांगायला काही कमीपणा नाही.

खर्चाचं लवकर सांगते, त्यात फार बोलण्यासारखं नाही. उडी तुमची, काइट तुमची, शिलाई तुमची. तिच्या दोऱ्यांना किंवा शाळेच्या काइटला काही झालं होतं का, ते शाळेला विचारा. झालं असेल तर तेही तुम्हीच भरा.

आता ती बाई. हो, बोला. पण तिच्या दुकानात किंवा घरी एकदम जाऊन उभं राहू नका. ती तुमच्या कुणा ओळखीच्यांची नातेवाईक निघाली असं लिहिलंय, तर त्यांच्यामार्फत विचारा, फोन केला तर चालेल का. ती नको म्हणाली तर तिथंच थांबायचं. हो म्हणाली तर दोन वाक्यं पुरेत: मी जवळ येऊन उडी घेतली, ते चुकलं, आणि वर जे बोललो तेही चुकलं. या दोन वाक्यांत 'पण' कुठेही येता कामा नये. फाटलेल्या काइटचा विषय काढायचा नाही. आणि कृपा करून तिला बोर्ड पायात कसा घालायचा हे समजावून सांगू नका. "घरी बसायचं" हे शब्द तिच्या जागी एखादा मिशीवाला गडी असता तर तुमच्या तोंडात आले असते का, ते तुमचं तुम्ही बघा. मला उत्तर कळवायची गरज नाही.

ती पाण्यात पडलेल्या अवस्थेत, दोऱ्यांच्या गुंत्यात, तुम्हाला "दादा" म्हणाली हे मात्र तुमच्या लक्षात आलंय ना? तुम्ही पत्रात तेवढा शब्द गाळला नाहीत, म्हणून विचारलं.

मी अजूनही आठवड्यातून दोन सकाळी टँकवर असते. खोल बाजूला दहा मिनिटं तरंगायला सोबत हवी असेल तर पत्राखालच्या नंबरवर वार आणि वेळ कळवते. टोपी घेऊन या, टोपीशिवाय आत सोडत नाहीत.